अंबादासने पुसलेली दीर्घिका

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका फोटो स्टुडिओत अंबादास काचेच्या निगेटिव्हवरचे चेहरे दुरुस्त करी. हातात टोकदार पेन्सिल आणि खरवडायची बारीक सुरी. त्रेपन्न साल उजाडेपर्यंत त्याने निम्म्या गावाचे देवीचे व्रण बुजवले होते, आणि म्हणून निम्म्या गावाची त्याला कीव येई. तालमीतला पैलवान असो की कोर्टातला वकील, काचेवर आला की सगळे सारखेच वेडेविद्रे, असं त्याचं मत. वीस वर्षांत त्याची एकही काच परत आली नव्हती. तेवढ्यावरच तो ताठ मानेने फिरे.

मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या कालिंदीबाईंनी एकदा परदेशी मासिकातलं चित्र आणलं. वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. पडद्यावर दाखवायला ते चित्र काचेवर उतरवून हवं होतं. ही दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मेळा, पण हिला धड आकार नाही, असं त्या सांगू लागल्या. अंबादास मान हलवत होता आणि ऐकत काहीच नव्हता. शिकलेल्या बाईला एक नीटसं चित्रही मिळू नये, याची कीव तेवढी त्याला आली.

चित्र गबाळंच होतं. सांडलेल्या पिठासारखा फराटा, शेजारी बारका डाग, दोघांमध्ये धुरकट रेघ. त्याने फोटो घेतला, निगेटिव्हवरचा डाग खरवडला, रेघ घालवली, फराट्याच्या कडा गोल केल्या. नवऱ्यामुलाच्या चेहऱ्यावरही त्याने कधी एवढी मेहनत घेतली नव्हती.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळीच बाई काच घेऊन परत आल्या.

"अंबादासराव, धाकटी कुठं गेली?"

"कोण धाकटी?"

"शेजारची छोटी दीर्घिका. दोघी एकमेकींना ओढताहेत, त्यात मोठीचे तारे असे विस्कटलेत. मला तेच तर सांगायचं होतं."

मासिक अजून टेबलावरच होतं. अंबादासने दुसरा फोटो घेतला आणि सुरी खणात टाकली. हात न लावलेली काच देताना त्याला उघड्या अंगाने रस्त्यावर आल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो सभागृहात मागे उभा राहिला. अर्धे लोक पंख्याच्या वाऱ्याला आलेले. पडद्यावर दीर्घिका उमटली, तसा पुढच्या खुर्चीतला गुळाचा व्यापारी आकाराम मोठ्याने म्हणाला, "अंबादास म्हातारा झाला की. काचंवर डाग ऱ्हायलाय बघा."

लोक हसले, माना मागे वळल्या. बाईंनी तोंड उघडण्याआधीच अंबादास बोलला.

"डाग न्हाय त्यो, आकारामशेट. तारं हाईत. म्याच पुसलं हुतं, बाईंनी काच परत आणली. आता हाय त्येच खरं हाय."

वीस वर्षांची ताठ मान त्याने भर सभेत अशी खाली घातली. आकारामला त्यातलं काहीच कळलं नाही. तो मागे वळून म्हणाला, मग निदान मोठी तरी जरा सरळ करायची.

अंबादासने त्याच्या नाकाकडे पाहिलं. ते तिरकं होतं, आणि दर फोटोत अंबादासनेच सरळ केलेलं होतं. पुढच्या खेपेला ते आहे तसंच ठेवायचं, असं ठरवून तो घराकडे वळला.