कडी कुठल्या हाताला

शिक्के-काकांना नाटकात घेतलं ते त्यांच्या बसण्यासाठी. एकतीस वर्षं ते नागरिकत्वाच्या कचेरीत बसले होते. समोरचा माणूस इथला की बाहेरचा, हे ठरवून शिक्का मारण्यात हयात गेली. नाटक करणाऱ्या या हौशी पोरांकडे संहिताच नव्हती. विषय एवढाच : आपण इथले कशावरून? तालमीत प्रसंग उभे करायचे, जमेल ते ठेवायचं.

"काका, तुम्ही फक्त बसा. अभिनय आम्ही करतो," दिग्दर्शिका म्हणाली होती.

"बसण्यात माझा हात कोण धरणार?"

बायको मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, गाडलेली मढी कशाला उकरताय?"

तालमीची खोली छापखान्याच्या डोक्यावर. खाली यंत्र सुरू झालं की फरशी धाडधाड हादरायची, शंभर शिक्के एकदम पडल्यासारखी. काका दचकायचे आणि वर हसून घ्यायचे.

आपला हुकमी प्रश्न त्यांनी पोरांना शिकवला होता. कागद काय, कोणीही पैदा करतो. म्हणून पत्ता वाचायचा आणि एकदम विचारायचं, "दाराची कडी आतून कुठल्या हाताला?" खोटा असेल तो अडखळतो. पोरं प्रश्नावर फिदा. त्याच प्रश्नावर अडलेल्या एका म्हातारीबद्दल मात्र काका कधी बोलले नव्हते.

त्या दिवशी दिग्दर्शिका म्हणाली, "आज खुर्च्या बदलू."

काकांच्या खुर्चीत बुटकी बसली, गटातली सगळ्यात खट्याळ नटी. काकांचा चष्मा नाकावर ओढून तिने त्यांचाच पत्ता वाचला. "कडी कुठल्या हाताला?"

चाळीस वर्षांचं घर. काकांनी डावा हात उचलला. मग उजवा. खाली यंत्र सुरू झालं.

"उत्तर नाही!" बुटकीने टेबलावर मूठ आपटली. "पुढचा!" हुबेहूब काकांचा आवाज.

"साहेब," काका म्हणाले, आणि तो आवाज मात्र त्यांचा नव्हता, "आमच्या घराला दारच नव्हतं. गोणपाट लावायचो."

टाळ्या पडल्या. "काका, कमाल! कुठून सुचलं?"

'सुचलं' म्हटलं असतं तर निभावलं असतं. काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"सुचलं नाही. एक म्हातारी म्हणाली होती. उठून जाताना."

"मग?" बुटकीने चष्मा काढला.

"'बाहेरची' म्हणून शिक्का पडला होता. खोडायचा तर वरिष्ठांपुढे चूक कबूल करायची. आणि पुढचा माणूस येऊन बसलाही होता."

"तिचं काय झालं?"

"बाहेरचे ठरलेल्यांना मागच्या दाराने गाडीत बसवायचे. ते दार मी कधी पाहिलं नाही."

मग दिग्दर्शिकेने हळूच विचारलं, "हे प्रयोगात सांगाल?"

"दर प्रयोगाला?"

"दर प्रयोगाला."

"सांगेन. पण तिच्या खुर्चीत बसून नाही. माझ्या."

घरी आले तेव्हा दार आतून लावलेलं. काकांनी कडी वाजवली.

"कोण?" आतून बायको.

रोज ते 'मी' म्हणायचे. आज ते आतली कडी कुठल्या हाताला, हेच आठवत राहिले. आत पावलं वाजली, दारापाशी येऊन थांबली.

"अहो, कोण आहे? बोला ना!"

काका उंबऱ्याबाहेर उभे राहिले, दोन्ही हात थोडे वर उचलून.