आमचा आगलाव्या

ग्रेडी मॅक्लॅरन दुकानात शिरला की त्याच्या आधी त्याच्या बुटांवरची राख आत येते. टार्बेल फ्लॅट नावाच्या आमच्या डोंगरातल्या गावात माझं दुकान आहे. कोंबड्यांच्या खाद्यापासून करवतीच्या साखळीपर्यंत सगळं मिळतं, आणि गावच्या बातम्या फुकट. ग्रेडी आमच्या भागाचा वनपाल. तरुणपणी तो डोंगरातल्या आगी विझवणाऱ्या पथकात होता. गुडघा गेला तेव्हा ते काम सुटलं आणि त्यानं उलटा धंदा धरला. आग लागायच्या आधीच रानातलं जळण कमी करायचं. दाटीनं वाढलेली काटकुळी झाडं काढायची, मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटायच्या, झुडपं तोडून ढीग रचायचे आणि हवा थंड, जमीन ओलसर झाली की ते ढीग नि खाली साचलेला पाइनच्या सुयांचा थर आपल्याच हातानं पेटवायचा. म्हणून गाव त्याला आगलाव्या म्हणतं. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर म्हणतं.

"काय आगलाव्या, आज कुणाचं जाळणार?" मी विचारते.

"तुझंच, बेव्ह. मागच्या भिंतीला लाकडं रचून ठेवलीयत ती हलव म्हणून किती वेळा सांगितलं?"

हा माणूस कुठंही गेला तरी त्याला आधी जळणच दिसतं. माझ्या भाचीच्या लग्नात सगळे नाचत होते आणि हा नव्या सुटाबुटात शिडीवर चढून पन्हाळीतला पालापाचोळा काढत होता. नवऱ्यामुलाच्या आईला वाटलं, भाड्यानं आणलेला गडी आहे. तिनं त्याच्या हातावर बक्षिशी ठेवली आणि त्यानं ती मुकाट्यानं घेतली. असल्या माणसावर रागावायचं तरी कसं, आणि त्याला रोज रोज सहन तरी कसं करायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

पण त्याचं हे वेड उगीच नव्हतं. पथकात असताना पलीकडच्या दरीतलं एक गाव त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. दुपारी होतं, संध्याकाळी नव्हतं. त्याबद्दल तो बोलत नाही. आमच्या गावाच्या डोक्यावर जी लांब डोंगरधार आहे, तिच्यावर विरळ रानाचा एक सलग पट्टा काढायचा, हे मात्र त्यानं मनावर घेतलं. खालून दरीतून शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत येणारी आग अशा पट्ट्यात आली की जमिनीवर उतरते, आणि जमिनीवरच्या आगीशी माणसाला लढता येतं. स्मशानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत धारेवरच्या सगळ्या जमीनमालकांना त्यानं एकेक करून राजी केलं. एकटी एफी राहिली.

एफी लुंडग्रेनची जमीन नेमकी खिंडीत. उन्हाळ्यात दरीतला वारा वर येतो तो तिथूनच, धुराड्यातून यावा तसा. बाकीचा पट्टा कितीही नीट केला तरी खिंड दाट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. आग तिथून आत येणार आणि तासाभरात शाळेच्या छपरावर. हे ग्रेडीला माहीत होतं, मला माहीत होतं, एफीलाही माहीत होतं.

पण एफीला आगीचं नाव काढलेलं चालत नसे. लग्न झालं त्याच वर्षी तिचं आणि ओरिनचं घर रानातल्या आगीत खाक झालं होतं. उभा राहिला तो फक्त दारातला थोरला पिवळा पाइन. दोघांनी तो हिवाळा त्या झाडाखाली चाकांवरच्या एका गळक्या ट्रेलर-घरात काढला आणि तिथंच पुन्हा घर बांधलं. ओरिन गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्याच्या दुपारी एफी त्या झाडाच्या सालीला नाक लावून उभी राहायची. ऊन लागलं की त्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. तिच्या घरात साधी मेणबत्तीसुद्धा नसायची.

ग्रेडी दोन वर्षं तिच्या ओसरीवर जाऊन बसला. तिची लाकडं फोडून दिली, कुंपण नीट केलं, तिची जळजळीत कॉफी प्यायला.

"झाडं तोडून झाडं वाचवणार म्हणे," ती म्हणायची. "मग मला मारून माझा सांधेदुखीचा आजार बरा कर."

"दाटीमुळं सगळीच तहानलेली आहेत, एफी. थोडी काढली की बाकीची नीट जगतील. आणि पूर्वी इथं लहान लहान आगी…"

"आगीबद्दल एक शब्द नको."

शेवटी एका वसंतात ती कंटाळली म्हणा, विरघळली म्हणा. दोन अटी घातल्या: दारच्या पाइनला धक्का लागता कामा नये आणि तिच्या जमिनीवर काडी ओढायची नाही. काढलेलं सगळं गाडीत घालून खाली न्यायचं. दोघांनी हातावर हात मारला. ग्रेडी त्या दिवशी दुकानात आला आणि काहीच विकत न घेता नुसता हसत उभा राहिला.

आता इथं रंगाची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे राखायच्या झाडाला निळा पट्टा ओढतात. निळं दिसलं की हात लावायचा नाही. डोंगरापलीकडच्या लाकूडतोड्यांकडे मात्र निळा म्हणजे पाडा. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण कुणी कुणाच्या रानात जात नाही. त्या वर्षी दक्षिणेत अवेळी आगी लागल्या, आमची झाडं तोडणारी टोळी तिकडे बोलावली गेली आणि ग्रेडीनं घाईनं पलीकडची टोळी ठरवली. नवी टोळी आली की कामाच्या आधी तिच्याबरोबर रान पायी फिरायचं, हा त्याचाच नियम. पण त्या सकाळी त्याला दुसरीकडचे ढीग जाळायच्या परवानगीसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. टोळीच्या मुकादमाला त्यानं फोनवर सांगितलं, "सगळं रंगवून ठेवलंय, सुरू करा."

रस्त्यालगतचं पहिलं निळं झाड म्हणजे एफीचा पाइन.

मी त्या दिवशी एफीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दुपारी परत आलो तर ग्रेडी फाटकात उभा, हातात टोपी. त्याच्या मागं जिथं नेहमी सावली असायची तिथं लख्ख ऊन पडलं होतं. एफीच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला धड दिसत नव्हतं. तिनं नुसतं विचारलं, "इतका उजेड कसला?"

"एफी, तुमचा पाइन पडला. मी पाडला."

"तू?"

"माणसं नवीन होती. त्यांच्याकडे निळ्याचा अर्थ वेगळा. मी बरोबर फिरायला हवं होतं, फिरलो नाही. म्हणून मीच पाडला."

मला वाटलं, ही आता बंदूक आणायला आत जाते. ती आत गेलीही. बाहेर आली ती ग्रेडीचे हातमोजे घेऊन, ओसरीवर विसरलेले. ते तिनं त्याच्या टोपीत ठेवले.

"हे ने. इथं आता तुला लागणार नाहीत."

ग्रेडी गेला. एफी पडलेल्या खोडापाशी चाचपडत गेली आणि सालीवर हात फिरवत बसली. मी गाडीत बसून रडले. माझं झाड नव्हतं, पण रडले.

ज्या मंडळाच्या पैशांवर पट्ट्याचं काम चालायचं, त्याच्या अध्यक्षानं सुचवलं की सगळं टोळीच्या माथी मारून मोकळं व्हावं. ग्रेडीनं ऐकलं नाही. "त्यांनी रंग बघितला. रंगाचा अर्थ सांगणं माझं काम होतं," एवढंच म्हणाला. अध्यक्ष चिडले, त्याची बढती राहिली. गावातल्या लोकांनीही कसर सोडली नाही. "आगलाव्या होता, आता झाडपाड्या झाला," असं माझ्याच दुकानात, तो उभा असताना, कुणीतरी म्हणालं. मी त्या गिऱ्हाइकाला खिळे मोजून देताना वाकडेच निवडून दिले.

मग उन्हाळा आला आणि खिंड तशीच दाट. ऑगस्टमध्ये दूर कुठंतरी मोठी आग लागली. दिवसचे दिवस सूर्य तांबडा दिसत होता, गाड्यांवर राख पडत होती. सगळ्यांनी गाड्यांमध्ये सामान भरून ठेवलं. ग्रेडी संध्याकाळी स्मशानापाशी जाऊन खिंडीकडे बघत उभा राहायचा. मी एकदा त्याला सँडविच नेऊन दिलं.

"वारा फिरला तर?" मी विचारलं.

"तर एफीला आधी बाहेर काढायचं," तो म्हणाला. "ती माझ्या गाडीत बसायची नाही. तू जा."

वारा फिरला नाही. त्या वेळी आम्ही वाचलो ते निव्वळ नशिबानं, आणि हे सगळ्यांना कळत होतं.

सप्टेंबरात एफीनं मला फोन केला. "ये," एवढंच म्हणाली. गेले तर बाई पाइनच्या उरलेल्या बुंध्यावर वाकलेली. झाड गेलंच आहे तर निदान त्या बुंध्यावर बसून कॉफी प्यावी म्हणून तिनं ओरिनचं घासायचं यंत्र काढलं होतं आणि राळेनं बरबटलेलं लाकूड घासून आरशासारखं केलं होतं.

"बोट ठेव इथं," ती म्हणाली. कडेच्या जरा आत, एका बाजूला, लाकडात एक काळी वाकडी रेघ होती. "ही कोणती, माहितीय? ही आमची. आमचं घर गेलं ती." तिनं माझं बोट आत, गाभ्याकडे, आणखी जुन्या वर्षांच्या लाकडावर सरकवलं. बऱ्याच अंतरापर्यंत लाकूड कोरं होतं. त्याच्याही आत काळ्या बारीक रेघा एकामागून एक, दाटीनं, थेट गाभ्याजवळ जाईपर्यंत. प्रत्येक रेघेवर लाकूड पुन्हा चढलेलं.

"या कुणाच्या?" तिनं विचारलं. "बोलव त्याला," ती म्हणाली.

ग्रेडी आला तो फाटकातच थांबला. आत ये म्हटल्यावर आला. बुंध्याकडे बघून त्यानं टोपी काढली.

"या आगी आहेत," तो म्हणाला. "लहान लहान. काही विजेच्या. बऱ्याचशा इथल्या मूळच्या लोकांनी लावलेल्या, ते दर काही वर्षांनी रान असं झाडून काढायचे. नंतर आपण आलो, त्यांना बंदी केली आणि दिसेल ती आग विझवायला लागलो. ते हे कोरं लाकूड."

"आणि एवढं जळण साठल्यावर आमची आली."

"हो."

"झाड इतक्यांदा भाजलं, तरी मेलं नाही."

"नाही मेलं."

"तू पाडेपर्यंत."

"मी पाडेपर्यंत," ग्रेडी म्हणाला.

एफीनं त्या रेघांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोन वर्षं सांगत होतो. तुम्ही आगीबद्दल शब्द काढू देत नव्हता."

"माझ्याशी वाद घालू नकोस, पोरा. तुला माफ केलेलं नाही." तिनं बुंध्यावरचा भुसा फुंकला. "झाडं काढ. ढीग रच. जमीनही जाळ, तुला हवी तशी. पण माझ्या जमिनीवर आग लागणार असेल तर ती मी लावणार."

सांधेदुखीच्या त्या हातांनी तिला कपाची दांडीसुद्धा नीट धरता येत नाही. ग्रेडी फक्त "बरं" म्हणाला.

या वेळी टोळी आमचीच होती आणि ग्रेडीनं खिंडीतलं झाड न् झाड त्यांच्याबरोबर फिरून दाखवलं. कामं आटोपेपर्यंत नोव्हेंबर लागला. दोन सरी पडून गेल्या होत्या, वारा मंद होता. माणसांनी सगळ्या बाजूंनी माती दिसेपर्यंत जमीन खरवडून सीमा काढली, पाण्याची गाडी वर आणून उभी केली. एफी नायलॉनचं जाकीट घालून आली. ग्रेडीनं तिला परत घरी पाठवलं, ते अंगावर वितळतं म्हणून. ती बडबडत गेली आणि ओरिनचा लोकरी कोट घालून आली, बाह्या दोनदा दुमडलेल्या. निम्मं गाव बघायला जमलं होतं. दर वर्षी धूर झाला की फोन करकरून तक्रारी करणारेही होते.

ग्रेडीनं डिझेल-पेट्रोलची झारी तिच्या हातात दिली. या झारीच्या तोटीवर वात असते, कलती केली की पेटते थेंब गळतात. एफीनं ती दोन्ही हातांनी धरली. ग्रेडीनं झारीला खालून आधार द्यायला हात पुढं केला, तिनं तो कोपरानं ढकलला. पहिला थेंब सुयांवर पडला. थोडा धूर, मग एक पिवळी जीभ, मग शेजारी दुसरी. आग उतारावरून हळूहळू खाली सरकू लागली, घोट्याएवढी, सुया चरचरवत. मोठ्या झाडांच्या बुंध्यांना वळसा घालून पुढं गेली. मागं काळी, स्वच्छ जमीन राहिली.

एफी आगीच्या बाजूनं चालत होती. कुत्र्याशेजारी चालावं तशी, आधी दुरून, मग जवळून.

"एवढीच?" तिनं विचारलं.

"एवढीच."

"मग मी इतकी वर्षं कुणाला घाबरत होते?"

"त्या मोठीला," ग्रेडी म्हणाला. "ती खरीच होती, एफी. तुम्ही उगीच नाही घाबरला."

तेव्हा ती रडली, चालता चालताच, थेंब टाकायचे न थांबवता. धुरानं डोळे चुरचुरतायत असं मला म्हणाली, आणि मीही हो म्हटलं. ग्रेडी तिच्या अर्ध्या पावलामागं, गुडघा ओढत, तिच्या वेगानं चालत होता. इतक्या वर्षांत त्याला असं सावकाश चालताना मी पाहिलं नव्हतं.

खिंडीच्या टोकाशी झारी संपली. पुढं अजून बराच उतार बाकी होता. वर टाकीकडून आलेल्या पट्ट्यापर्यंत, जिथं सगळं जुळायचं होतं तिथपर्यंत. ग्रेडी म्हणाला, "दमला असाल. उरलेलं माझी माणसं करतील."

एफीनं रिकामी झारी त्याच्यासमोर धरली.

"भर," ती म्हणाली.