काकूंची टॅक्सी

टॅक्सीत बसणं ही एक गंभीर नागरी जबाबदारी आहे असं मानणारी व्यक्ती अख्ख्या ॲन आर्बर शहरात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या शेजारी राहायची. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या या नागपूरच्या काकू अमेरिकेतल्या तीस वर्षांत ड्राइव्ह करायला शिकल्या नव्हत्या. टॅक्सी आली की आधी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत, टायर दाबून बघत, नंबर वहीत उतरवत आणि चष्मा लावून ड्रायव्हरचा परवाना शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. एकदा आम्ही दोघं एअरपोर्टला निघालो होतो आणि माझी फ्लाइट चुकायची वेळ आली, तेव्हा मी म्हणालो, "काकू, बसा ना आता!" "थांब रे, फोटो याचा नाहीये," त्या म्हणाल्या. परवाना खरंच त्याच्या भावाचा निघाला.

दोन हजार पाचचा हिवाळा असावा. काकूंची मैत्रीण, काठी घेऊन चालणारी एक अमेरिकन म्हातारी, दवाखान्यातून टॅक्सीने घरी येत होती. एअरपोर्टची मोठी सवारी आली म्हणून ड्रायव्हरने तिला दोन गल्ल्या अलीकडेच बर्फात उतरवलं. ती घसरली आणि मनगट मोडलं. काकूंनी कंपनीला फोन केला, तर उत्तर आलं, "ड्रायव्हर आमचा नोकर नाही. आम्ही फक्त गाडी पाठवतो."

झालं! काकूंनी शहराचे टॅक्सीचे सगळे नियम लायब्ररीत बसून वाचले आणि कौन्सिलच्या मीटिंगला नाव नोंदवलं. तीन मिनिटं मिळाली. "फोन तुम्ही उचलता, दारावर नाव तुमचं. मग पॅसेंजर पडला की ड्रायव्हर एकदम परका कसा होतो?" घंटा वाजली तरी काकू हलेनात. "घंटा वाजली, पण उत्तर नाही मिळालं," म्हणाल्या. विषय पुढे ढकलला. काकू पुन्हा गेल्या. पुन्हा ढकलला. मी म्हणालो, "सोडा ना काकू, मनगट तर जुळलं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या वेळी मी ऑफिसातून सुट्टी घेऊन सोबत गेलो.

मधल्या काळात काकू टॅक्सी स्टँडवर जाऊन त्याच ड्रायव्हरला भेटत होत्या. पाचव्या मीटिंगला तो पोरगेलासा माणूस टोपी चुरगाळत उभा राहिला. "मला कंपनीतून फोनवर सांगितलं होतं, तिला उतरव म्हणून. नाही म्हणायला हवं होतं," एवढंच बोलला. म्हातारी पुढच्याच रांगेत होती. तिने बरा झालेला हात वर करून त्याला खाली बस म्हणून खुणावलं. महिन्याभराने नियम झाला. पॅसेंजरला वाटेत उतरवायचं नाही, आणि तसं झालं तर गाडी पाठवणारी कंपनीही जबाबदार.

पुढे गुडघे दुखायला लागले तशा काकू मुलाकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला गेल्या. परवा फोनवर म्हणाल्या, "इथे सून दारातून नेते, दारात सोडते. काही म्हणजे काही बघावं लागत नाही रे." मग सुनेच्या गाडीचा नंबर तेवढा त्यांनी मला पाठ म्हणून दाखवला. फोन ठेवावासा कुणालाच वाटेना.