पाटलाच्या गोठ्यावरची पाटी

किसनमामा गेल्याची बातमी मला पेडगावच्या दूधवाल्याने दिली, तीही कॅन उतरवता उतरवता. "तुमचा तो हल्यावाला म्हातारा गेला की." मी खेकसलो, "माणसाला नाव असतं!" बिचारा गोंधळून निघून गेला. पण या एका गोष्टीवर चिडायला मामांनीच मला शिकवलं होतं... उशिरा का होईना.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता, तेव्हाची गोष्ट. परभणीजवळच्या आमच्या केंद्रात कृत्रिम रेतनासाठी रेड्यांचं वीर्य गोळा व्हायचं. जनावरांचा डॉक्टर म्हणून मी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचो, रेड्यांची देखभाल मामांकडे. मामा बौद्धवाड्यातले. आमचे व्यवस्थापक त्यांना 'ए हल्या' अशी हाक मारत, म्हणजे रेडा, आणि आम्ही हसायचो. मीही. मामांनी काय करावं? सगळ्यात दांडग्या रेड्याचं नाव 'पाटील' ठेवलं आणि त्याला अहोजाहो सुरू केलं. "पाटील, पाय उचला. पाटील, आंघोळीला चला." व्यवस्थापक भडकले, तर म्हणाले, "मानसाला हल्या म्हनायलेत तुमी, मग हल्याला पाटील म्हनलं तर काय बिघडलं?"

एका उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाटलाचे नमुने बिघडले. शुक्राणू मलूल, निम्मे मेलेले. व्यवस्थापकांनी एका दमात ठरवलं, रेडा लिलावात, म्हणजे खाटकाकडे, आणि मामा घरी. "याच्याच हाताचा गुण," असंही वर म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून मी गोठ्याच्या पाटीवर, चुन्याने लिहिलेल्या 'पाटील' या नावाखाली, लाल तेलरंगात लिहिलं, 'निकामी'. काळ्या कातडीच्या, घाम कमी येणाऱ्या या जनावराला ऊन किती बाधतं, हे मी पुस्तकात शिकलो होतो. तोंड मात्र उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर मामा खुरप्याने पाटी खरवडतायत.

"किसन, नोकरी जाईल."

"ती तुमी घालवलीच हाय की. नावापायी मानसांची घरं जळाली, डॉक्टरसाब, अन् मी तुमचा एक शब्द खरवडू न्हाई? गेल्या सालीबी असंच झालतं. उन्हाचा मार बसतो आज अन् दिसतो दोन महिन्यानं. सावलीचंबी तसंच. दोन महिने द्या."

मला स्वतःचा संताप आला. माझ्या सहीशिवाय लिलाव होत नव्हता. मी सही नाकारली, आणि दोष उन्हाचा आहे, रेड्याचा नाही की माणसाचा नाही, असं लिहून दिलं. मामांनी छपराच्या पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं, ओली गोणपाटं टांगली, डुंबायला खड्डा खणला. दोन महिन्यांनी काचेवर थेंब ठेवला, तर ढग घुसळले जावेत तशी दाट हालचाल! मी मामांना बोलावलं. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"पाटलाची जत्रा भरली की वो!"

रेडा राहिला, मामाही राहिले. माफी कुणी मागितली नाही. मामांनी मात्र 'हल्या' या हाकेला पुन्हा कधी ओ दिली नाही. चार दिवस गोठ्यातलं काम अडलं, तेव्हा व्यवस्थापकांना 'किसनराव' म्हणावंच लागलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. पाटील म्हातारपणाने मेला तेव्हा मामा ती पाटी घरी घेऊन आले होते. वर चुन्याने 'पाटील', खाली खरवडलेला पत्रा, आणि त्यात अजून वाचता येणारा लाल 'नि'.

"पुसाय गेलं की बाबा म्हनायचे, ऱ्हाऊ दे, डॉक्टरसाबाचं अक्षर हाय," त्यांची लेक म्हणाली. "आता पुसू का?"

"नको," मी म्हणालो. "माझंच आहे ते."