ईशाचा दाखला

मृणालीला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. गुहागर आगारात नऊ वर्षं कंडक्टरकी केली, तेवढ्यात हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक झालं होतं. जागेवरून कुणी हुज्जत घालायला लागलं तर ती त्याच्या कानाशी जाऊन एवढंच म्हणायची, "उठा, त्या बाईला बसू द्या." माणूस मुकाट्याने उठायचा.

रत्नागिरीला बदली तिने आपणहून मागून घेतली. हेदवीच्या पलीकडे तिची वाडी. वाडीतल्या शाळेचा पट चारावर आला आणि शाळा मिटली. त्या चारातली दोन पोरं तिचीच होती, दहा वर्षांची ईशा आणि सात वर्षांचा सुजय. नवरा नितेश मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. त्याने फोनवरून सांगितलं, "हलायचंच आहे तर धड शाळेत घाल. इथे जहाजावरच्या सगळ्यांची पोरं चांगल्या शाळांत आहेत." चांगली शाळा कुठली, हे रत्नागिरीत ज्याला विचारावं तो एकाच शाळेचं नाव घ्यायचा.

ईशा बोलताना अडखळायची. एखादं अक्षर तोंडाशी येऊन बसायचं आणि काही केल्या हलायचं नाही. वाडीतल्या शाळेत याचं कुणाला काही वाटत नव्हतं. गुरुजी हातात खडू धरून खिडकीबाहेर बघत थांबायचे, तिचं वाक्य पुरं झालं की पुढच्या पोराकडे वळायचे. गणपतीत आरतीला मात्र तिचा आवाज सगळ्यांच्या वर. चारचौघांबरोबर म्हणताना तिची जीभ कधी अडली नाही. घरात कुणी याचा विचारही केला नव्हता, ते तसंच होतं.

मे महिन्यात मृणालीने भाड्याच्या अकरा जागा पाहिल्या. पहिला प्रश्न असायचा, मिस्टर कुठे असतात. दुसरा, तुमची ड्युटी कधी सुटते. आणि आडनाव ऐकलं की तिसरा, तुम्ही मासे खाता ना. अकरावी जागा राजाभाऊंच्या घरामागच्या दोन खोल्यांची. राजाभाऊ बँकेतून निवृत्त झालेले, स्वतःची कलमांची बाग असलेले गृहस्थ. आवार स्वच्छ, विहिरीला पाणी, शाळा पाच मिनिटांवर. बोलणं त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी केलं.

"आमचं तसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण आवारात शिजवायचं नाही. बाहेरून शिजवून आणलं तरी नाही."

"सुकं?"

"सुकं तर नाहीच. वास किती येतो."

किनाऱ्यावर जन्म गेलेल्या बाईने घरात मूठभर सुका जवळा ठेवायचा नाही. मृणालीच्या तोंडात उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं आणि "चालेल, काकू," म्हणाली. शाळा पाच मिनिटांवर होती.

शाळेत प्रवेशाआधी ओळखीच्या गप्पा असायच्या. मुख्याध्यापिकांनी ईशाला विचारलं, "तुझं गाव कोणतं, बाळा?" ईशाने तोंड उघडलं. ह अडला. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग अर्जाकडे, आणि उत्तर स्वतःच वाचलं. "हेदवी. छान. तिथला गणपती पाहिलाय आम्ही." मग मृणालीकडे वळून म्हणाल्या, "लाजते जरा. घालवू आपण तिचा लाजरेपणा."

मृणाली "थँक्यू मॅडम" म्हणाली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या थँक्यूची किळस येत राहिली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या गाडीची ड्युटी असली की मृणाली पाचला घर सोडायची आणि पोरांना आनंदीबाई हाका मारून उठवायच्या, दूधही द्यायच्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका दुपारी त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तुझे ते खाकी कपडे मागच्या बाजूला वाळत घालत जा. इथे रस्त्यावरून दिसतात." मृणालीने दोरी मागे बांधली. गाठ मारताना दोरी इतक्या जोरात ओढली की बोटाला वळ उठला. आपण रोज संगमेश्वरपर्यंत साठ माणसं नेतो आणतो, ते या कपड्यांत. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. शाळा पाच मिनिटांवर होती.

सुजय शाळेत रमला. ईशा घरी कमी बोलायला लागली. मृणालीला वाटलं, नवं शहर आहे, होईल सवय.

पंधरा ऑगस्टला तिने एकाशी ड्युटी बदलून घेतली आणि कार्यक्रमाला जाऊन बसली. पाचवीचा वर्ग समूहगीत म्हणायला उभा राहिला. ईशा शेवटच्या रांगेत, उंच मुलांच्या मागे. मृणाली मान वाकडी करून तिचा आवाज शोधत होती. आईला चाळीस पोरांतून आपल्या पोरीचा आवाज कळतो. तो नव्हताच. ओठ तेवढे हलत होते.

घरी जाताना तिने विचारलं, "आज आवाज का नाही लावलास?"

ईशाने वाटेतला एक खडा लाथाडला. मग म्हणाली, "ब... बाईंनी सांगितलं. तू नुसते ओठ हलव."

"कधी सांगितलं?"

"पहिल्या दिवशी. वाचायला पण नाही देत. माझ्या प... पुढच्या मुलीला देतात."

मृणाली रस्त्यातच थांबली. पोरीला जिथे जीभ साथ देत होती तेवढी एक जागा होती, तीच या लोकांनी बंद केली होती. आणि त्यासाठी आपण जवळा सोडला, कपडे लपवले, थँक्यू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती खाकीतच शाळेत गेली. मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं.

"तिलाच त्रास होऊ नये म्हणून केलं हो," वर्गशिक्षिका म्हणाली. "मुलं हसली असती."

"हसली होती?"

"नाही, पण हसली असती."

"सगळ्यांबरोबर ती अडखळत नाही," मृणाली म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की दोघी पुढे वाकल्या. "एकदा म्हणायला लावलं असतं तर कळलं असतं. एकदा तरी लावलंत?"

"चाळीस मुलं असतात वर्गात. एकेकासाठी थांबायला वेळ कुठून आणायचा?"

"तिचा दाखला द्या."

मुख्याध्यापिका हसल्या, लहान मुलाकडे बघून हसावं तसं. "रागाच्या भरात असले निर्णय घेऊ नयेत. या शाळेत प्रवेशासाठी बाहेर रांग आहे, तुम्हाला माहितीय."

"मग त्या रांगेतल्या पहिल्याला बोलवा."

कारकून म्हणाला, उद्या या. मृणाली म्हणाली, बसते. ती ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली. सुट्टीची घंटा झाली, पोरं तिच्याकडे बघत गेली. शिपायाने तिच्या पायांभोवतीची फरशी झाडली. मुख्याध्यापिका दोनदा आतबाहेर करून गेल्या आणि दोन्ही वेळा तिच्याकडे न बघता. पाच वाजता कारकुनाने दाखला आणून दिला. तिने उभ्यानेच नाव, जन्मतारीख, इयत्ता तपासली आणि निघाली.

घरी येऊन तिने तो ईशापुढे ठेवला. "काढलं तुला तिथून. आता मी तुला अशी शाळा बघते..."

पोरगी खूश होईल असं तिला वाटलं होतं. ईशाचा चेहरा लालबुंद झाला.

"म... मला आधी का नाही विचारलंस?"

"काय विचारायचं होतं?"

"सगळंच. आपल्या वाडीतली जनी आता पलीकडच्या वाडीतल्या शाळेत जाते. चालत. मला तिच्याबरोबर ज... जायचं होतं. तू मला विचारलंच नाहीस. आत्तापण नाही विचारलंस."

दुपारपासून मृणाली एकेकाला जाब विचारत आली होती. आता तिलाच कुणीतरी विचारत होतं आणि पोरीचं बरोबर होतं. पलीकडच्या वाडीतली शाळा तीन किलोमीटरवर होती. ती तिने हिशेबात धरलीच नव्हती. सगळे ज्या शाळेचं नाव घेतात ती सोडून दुसरी शाळा असते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती खाली बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता बदली तर परत मिळायची नाही. इथल्या इथे सांग, तुला कसली शाळा पायजे."

ईशाने विचार करायला दोन दिवस घेतले. मग सांगितलं, लहान शाळा आणि जवळ समुद्र.

रत्नागिरीतच, समुद्राकाठच्या मांडवीला गंगुबाई राहायची, मासळी विकणारी, मृणालीच्या गाडीची नेहमीची प्रवासी. तिच्या घराला लागून एक खोली रिकामी होती. तिने एकही प्रश्न विचारला नाही. "पोरां माझ्याजवळ ऱ्हातील," म्हणाली. "तू जा गो तुझ्या गाडीवर." राजाभाऊंना मात्र हे रुचलं नाही. वर्षाचं ठरलं होतं, असं ते तीनदा म्हणाले. आनंदीबाईंनी पोरांच्या हातावर दोन दोन आंबावड्या ठेवल्या आणि मृणालीकडे पाठ फिरवली.

नितेश फोनवर चिडला. "नगरपरिषदेच्या शाळेत? पोरीचं नुकसान करतेस तू."

"तुम्ही या," मृणाली म्हणाली, "आणि एक दिवस तिच्या जागी उभे राहून नुसते ओठ हलवा. मग बोलू नुकसानाचं."

तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने ईशाला फोन केला आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबला. जहाजावरचं नेटवर्क मध्येच गेलं, तरी त्याने परत लावला.

मांडवीच्या शाळेत पाचवीत चौदा मुलं. तिथल्या वैष्णवी मॅडमनी पहिल्याच दिवशी ईशाला धडा वाचायला उभं केलं. एक परिच्छेद वाचायला तिला पाच मिनिटं लागली. एक मुलगा हसला. मॅडम त्याला रागावल्या नाहीत. ईशाचं झाल्यावर म्हणाल्या, "आता पुढचा तू वाच," आणि तो दोन जोडाक्षरांवर अडला. ईशाने हे घरी येऊन सांगितलं, तेही अडखळत, पण शेवटपर्यंत.

राहिला सुजय. शहाणी झालेली मृणाली यावेळी त्याला विचारायला विसरली नाही. तिला वाटलं, तोही ताईबरोबर येईल.

"मी नाही सोडणार माझी शाळा," सुजय म्हणाला. "तिथे माझे मित्र आहेत. मला आवडते ती शाळा."

"ताईशी ते असे वागले तरी?"

"माझ्याशी नाही वागले."

तिला त्याचाही राग आला. पण विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं होतं, आणि विचारून झाल्यावर ऐकायचं नाही म्हणजे पुन्हा तेच. आता एक पोर मांडवीच्या शाळेत चालत जातं आणि दुसरं रिक्षाने वर त्या शाळेत. सकाळी दोन वेगळे गणवेश, दोन वेगळ्या वेळा.

दिवाळीआधी सुजयच्या शाळेत पालकसभा होती. मृणाली दुपारच्या ड्युटीला निघाली होती, खाकीतच गेली. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांदेखत तिचं हसून स्वागत केलं.

"ईशा कशी आहे?"

"बोलते," मृणाली म्हणाली.

"बरं वाटलं. झालं गेलं विसरून जाऊ या आता. सुजय तर आमच्याच शाळेत आहे."

"तो आहे. त्याला आवडतं म्हणून आहे," मृणाली म्हणाली. "मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. सही कुठे करायची?"

तिने सुजयच्या प्रगतिपुस्तकावर सही केली, पेन परत दिलं आणि संगमेश्वरच्या गाडीची वेळ झाली म्हणून स्टँडकडे निघाली.