हमीदचाचांच्या हाताला येणाऱ्या मुंग्या

मशीन तिसऱ्यांदा थांबले, या वेळी झिरकोनियमच्या चौकटीत. स्क्रीनवर लाल अक्षरांत तोच संदेश होता: लिमिट स्विच दाबला गेला आहे. प्रत्यक्षात स्विच हातभर लांब होता आणि त्याला कशाचाही धक्का लागलेला नव्हता. मशीन थांबले तरी टूल फिरतच राहिले, कारण माझ्या रचनेत त्याचा वीजपुरवठा वेगळा होता. मी ते बंद करेपर्यंत सागवानावर वाटाण्याएवढा काळा डाग पडला.

हमीदचाचांनी पट्टी उचलली आणि डागावरून अंगठा फिरवला.

"जळालं. रंध्यानं न्हाई निघायचं, खोल गेलंय."

"जादा पट्ट्या किती उरल्या?"

"जादा? दोन."

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या नव्या इमारतीत, प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर, लाकडात कोरलेली आवर्तसारणी लावायची होती. मूलद्रव्ये एकशे अठरा, प्रत्येकाची एक चौकट, आणि पट्ट्या नऊ. लाकूड चाचांनी आपल्या साठ्यातून काढले होते. भूकंपात पडलेल्या घरांच्या तुळया त्यांनी त्या काळी गोळा करून ठेवल्या होत्या. इतके मुरलेले सागवान वाकत नाही, आणि आता ते मिळतही नाही.

मी मूळची नांदेडची. एम. एस्सी. पदार्थविज्ञानात केले आणि लातूरला दोन वर्षे नीटच्या मुलांना विद्युतधारा शिकवली. फळ्यावरची विद्युतधारा शिकवून मी कंटाळले होते. मला यंत्रे बनवायची होती. पहिले यंत्र म्हणून मी सीएनसी राउटर निवडला. संगणकाच्या सूचनेप्रमाणे फिरते टूल तीन दिशांना सरकवून लाकूड कोरणारे हे यंत्र आहे. कारखान्यातले सीएनसी तयार मिळते आणि बिघडले तर कंपनीचा माणूस येतो. हौशी माणसाच्या सीएनसीचे रूळ एकीकडून, मोटारी दुसरीकडून आणि कंट्रोल बोर्ड तिसरीकडून येतो. प्रत्येक विक्रेता आपला भाग निर्दोष असल्याचे सांगतो, आणि बहुधा ते खरेही असते.

भाड्याच्या खोलीत असा आवाज आणि भुसा चालणार नव्हता, म्हणून मशीन हमीदचाचांच्या शेडमध्ये उभे केले. चाचांनी चाळीस वर्षे चौकटी, देव्हारे, कुराण ठेवायच्या रेहल आणि नावाच्या पाट्या कोरल्या. पुढे साखरेच्या आजाराने उजव्या हाताच्या दोन बोटांतली पकड गेली आणि पटाशी निसटू लागली. त्यांचा मुलगा यूनुस हैदराबादला नोकरीत आहे. त्याने दुकान बंद करून तिकडे येण्याचा आग्रह धरला. शेवटी बापलेकांत एवढे ठरले की मशीनवर हे एक काम शनिवारपर्यंत पूर्ण झाले तर दुकान राहील, नाहीतर यूनुस येऊन सामान हलवील.

"तिकडं काय करू मी?" चाचा मला म्हणाले होते. "तिसऱ्या मजल्यावर बसून लिफ्ट मोजू?"

झिरकोनियमचा डाग पडला तो सोमवार होता. नऊपैकी चार पट्ट्या तयार होत्या, आणि त्यांतल्या दोन दुसऱ्या प्रयत्नात झाल्या होत्या.

मी नोंदवही उघडली. थांबण्याची वेळ, जागा, टूलचा वेग आणि खोलीचे तापमान यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली होती. त्यात कोणताही क्रम दिसत नव्हता. पहिल्यांदा वीस मिनिटांनी थांबले, नंतर पन्नास मिनिटांनी आणि आता चौदा मिनिटांनी. ठरावीक जागी येणारा बिघाड बहुधा यांत्रिक असतो. कुठेही आणि केव्हाही येणाऱ्या बिघाडात प्रथम विजेवर संशय घ्यावा. तरीही मी सगळे स्क्रू आवळले, रूळ पुसले आणि स्विचमध्ये भुसा गेला आहे का ते पाहिले. काही आढळले नाही.

उरला नॉइज, म्हणजे एका तारेतल्या विजेचा दुसरीत होणारा उपद्रव. टूल फिरवणाऱ्या मोटारीला स्पिंडल म्हणतात, आणि तिचा वेग ठरवणाऱ्या डब्याला व्हीएफडी. हा डबा वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडत असतो. त्याची लुडबुड शेजारच्या बारीक वायरमध्ये उमटते आणि स्विच दाबला गेल्याचा भास कंट्रोल बोर्डाला होतो. मंगळवारी मी स्विचच्या वायरी व्हीएफडीपासून लांब नेल्या. जाळीचे आवरण असलेली केबल घातली आणि प्रत्येक इनपुटवर छोटा कपॅसिटर जोडला. मशीन दोन तास अखंड चालले आणि पाचवी पट्टी निघाली. बुधवारी सकाळी सहावी पट्टी लावली. मशीन एक तास दहा मिनिटांनी थांबले. नशिबाने टूल त्या वेळी लाकडाच्या वर होते, त्यामुळे पट्टी वाचली.

त्याच वेळी क्लासचे व्यवस्थापक जाधव सर आले. त्यांनी स्क्रीनवरचा संदेश वाचला.

"मॅडम, हा स्विच कशासाठी असतो?"

"गाडा रुळाच्या टोकाला धडकू नये म्हणून."

"आणि तो धडकतोय का?"

"नाही."

"मग तो स्विच काढून टाका की. रविवारी उद्घाटन आहे. पाहुणे काय स्विच बघायला येणार आहेत?"

सूचना मूर्खपणाची नव्हती. हौशी मंडळींत अनेक जण हेच करतात. सेटिंगमध्ये एक अंक बदलला की मशीन स्विचकडे लक्ष देणे सोडते. मी लॅपटॉपवर तो अंक बदललाही, पण सेव्ह केला नाही. कपॅसिटर घालून नॉइज कमी झाला होता. तो नाहीसा व्हायला हवा होता, आणि का होत नाही हे मला कळलेले नव्हते. कारण कळण्याआधी तक्रार करणारा भाग बंद करणे मला पटेना.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"उद्या गुरुवार आहे, मॅडम. मी काही बोलत नाही. फक्त वार सांगतोय."

ते गेल्यावर दहा मिनिटांत वीज गेली. काही करण्यासारखे नव्हते. चाचा ब्रश घेऊन भुसा झाडू लागले. झाडताना त्यांनी डावा हात मशीनच्या फ्रेमवर टेकवला होता. मला हे वेगळे वाटले, कारण एरवी ते फ्रेमपासून चार बोटे अंतर राखून काम करत.

"चाचा, आज फ्रेमला हात लावलात?"

"आता न्हाई ना मुंग्या येऊन राहिल्या."

मुंग्यांचे त्यांनी मला मशीन चालू केल्याच्या तिसऱ्याच दिवशी सांगितले होते. त्यांना साखर आहे, साखरेने हातापायांना मुंग्या येतात हे मला ठाऊक होते, म्हणून मी त्यांना पथ्य पाळायला आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितले आणि माझ्या कामाला लागले. नोंदवहीत तापमान लिहिले, मुंग्या लिहिल्या नाहीत.

"रोज कधी येतात?"

"मशीनला हात लावला की. घरी कमी असतात. लाइट गेली की मुंग्याबी जातात."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. साखरेचा आजार वीज मंडळाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही.

चाचांच्या शेडमध्ये औजाराजवळ चप्पल घालून कोणी जात नाही. चाचा उंबऱ्याबाहेर चप्पल काढतात आणि शहाबादी फरशीवर अनवाणी काम करतात. मला मात्र त्यांनी सूट दिली होती. वर्कशॉपमध्ये सेफ्टी शूज लागतात, हा नियम मीच पहिल्या दिवशी त्यांना समजावून सांगितला होता. ते यावर थोडे हसले होते. त्यामुळे तीन आठवडे मी जाड रबरी तळव्यांवर उभी राहून फ्रेमला हात लावत होते, आणि मला कधीच काही जाणवले नव्हते.

वीज आल्यावर मशीन चालू केले. बूट काढून फ्रेमला हाताची मागची बाजू किंचित टेकवली. झिणझिणी स्पष्ट होती. मल्टिमीटरची एक तार फ्रेमला आणि दुसरी सॉकेटमधल्या न्यूट्रलला लावली. आकडा नव्वदच्या वर गेला. तो शून्याजवळ असायला हवा होता. मी ताबडतोब मेन स्विच बंद केला.

"चाचा, हे मुंग्या येणं साखरेचं नव्हतं. मशीनच्या अंगात करंट उतरला आहे."

चाचांनी फ्रेमकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"म्हणजे मी बरोबर सांगून राहिलो होतो."

"हो."

"अन् तू मला पथ्य सांगितलंस."

मी नोंदवहीत त्या तिसऱ्या दिवसापुढे 'मुंग्या' असे लिहिले.

यंत्राच्या धातूच्या अंगात झिरपणारी वीज जमिनीत उतरून जावी, म्हणून अर्थिंग असते. केबलच्या जाळीत अडवलेला नॉइजही याच वाटेने जमिनीत जायचा असतो. जमिनीत खड्डा करून त्यात पाइप पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि तिथून वायर सॉकेटपर्यंत आणतात. माती ओली असेल तरच हे काम करते. मशीनची वायर सॉकेटला नीट जोडलेली आहे हे मी आधी तपासले होते. सॉकेटच्या मागची वायर जमिनीपर्यंत पोहोचून पुढे काय करते, हे तपासले नव्हते. आता तपासले. शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये लावून पाहिला. अर्थिंग चांगले असेल तर बल्ब पूर्ण पेटतो. आमच्या बल्बची तार नुसती तांबूस झाली.

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

"मागं. नळाखाली."

भूकंपानंतर हे शेड बांधले तेव्हाच मागच्या भिंतीला नळ आणि त्याच्या खाली अर्थिंगचा खड्डा केला होता. खड्ड्यावरची फरशी उचलली. माती दगडासारखी कोरडी होती आणि पाइपाभोवती बोट जाईल एवढी भेग पडली होती.

"इथं पाणी कोण घालत असे?"

"कोणीच न्हाई," चाचा म्हणाले. मग नळाकडे पाहून म्हणाले, "वजू मी इथंच करायचो. नमाजच्या आधी. ते पाणी इथंच जिरायचं."

"आणि आता?"

"आता घमेल्यात धरतो. पेरूच्या झाडाला घालतो. यंदा पाणी कुठं हाय?"

त्या उन्हाळ्यात लातूरला नळाला पंधरा दिवसांनी पाणी येत होते. वापरलेले तांब्याभर पाणीदेखील कोणी जमिनीवर ओतत नव्हते. वर्षानुवर्षे चाचांचे हातपाय धुतलेले पाणी दुकानाचे अर्थिंग जिवंत ठेवत होते, आणि हे कोणालाच माहीत नव्हते. पाणी वाचवायला सुरुवात झाल्यावर खड्डा वाळला. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. शहाणपणाने वागणाऱ्या घरातच ती होऊ शकत होती.

मी तीन बादल्या पाणी मागितले. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माणसाला न्हाई अन् मशीनला पाजतीस का, बाई?"

"चाचांचा हात वाचेल, चाची."

"मग घे. पण वापरलेलं घे. पिण्याचं न्हाई देणार."

भांडी विसळलेले दोन बादल्या पाणी आणि घमेल्यातले वजूचे पाणी असे मिळून खड्ड्यात ओतले. जुना कोळसा काढून नवा भरला आणि खडे मीठ टाकले. पाइपावरचा गंजलेला बोल्ट घासून पुन्हा आवळला. रात्रभर ओल मुरू दिली. गुरुवारी सकाळी बल्ब लख्ख पेटला. फ्रेमवर दोन व्होल्ट होते. मी बूट काढून पुन्हा हात लावला. चाचांनीही लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कसं वाटतं?"

"लोखंडासारखं," ते म्हणाले. फ्रेम ॲल्युमिनियमची होती, पण मी दुरुस्ती केली नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी मशीन एकदाही थांबले नाही. शनिवारी सकाळी यूनुस टेम्पो घेऊन आला तेव्हा नववी पट्टी चालू होती. त्याने वडिलांना सलाम केला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटची चौकट पूर्ण होऊन टूल वर उचलले जाईपर्यंत तो मशीनकडे पाहत होता. मशीनने कोरलेल्या कडांना लाकडाचे बारीक तंतू राहतात. चाचा पट्टी मांडीवर घेऊन ते पॉलिशपेपरने काढू लागले.

"अब्बा, बोटं?"

"दोन तशीच हायेत. बाकीच्यांना काम हाय."

यूनुसने मला बाजूला घेऊन अर्थिंगबद्दल तीन प्रश्न विचारले. तिन्ही नेमके होते. मग वडिलांना म्हणाला, "दर महिन्याला शुगर तपासायची. रिपोर्ट मला पाठवायचा. न्हाई पाठवला तर मी परत येईन."

सामान हलवायला आणलेल्या टेम्पोतून नऊ पट्ट्या क्लासच्या इमारतीत गेल्या. जाधव सरांनी त्या मोजून घेतल्या आणि रविवारी त्या भिंतीवर लागल्या.

त्यानंतर मी आणखी चार मशिने बनवली. नोंदवहीत वेळ, जागा, वेग आणि तापमान हे रकाने आहेत तसेच आहेत. त्यांच्या आधी एक रकाना वाढवला आहे: मशीन चालवणाऱ्याला काय जाणवते. तो मी त्याच्याच शब्दांत भरते आणि त्याचे कारण मनाशी ठरवून टाकत नाही.