अनुभव तुमचा, विश्लेषण आमचं

"तो पेपर ठेवा हो बाजूला," अध्यक्ष माईकवरूनच म्हणाले. "तुम्ही सोसलंय. तेवढं सांगा. विश्लेषण करायला आम्ही आहोत."

सभागृह हसलं. प्रेमानं हसलं. तेच जास्त लागलं.

नगरच्या एका कॉलेजात सामाजिक बहिष्कारावर परिसंवाद होता. अध्यक्ष विद्यापीठातले सर. दर रविवारी वर्तमानपत्रात चालू प्रश्नांवर लिहायचे. मी शेवगावला तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवणारा. अंगात मेव्हण्याचा सफारी, बाह्या पार बोटांपर्यंत. 'संरचनात्मक वर्चस्व' हा शब्द नीट यावा म्हणून कितीतरी दिवस आंघोळ करताना ओरडायचो. बायकोला वाटायचं, पाणी फार गरम झालं.

नगरला पेपर वाचायचाय, असं घरी सांगितलं होतं. आईनं ते आमच्या बौद्धवस्तीभर केलं. शेजारच्या कौसामावशीनं विचारलं, "का गं, तितल्या लोकान्ला वाचता येत न्हाई व्हय?"

पेपर आमच्याच गावावर होता. वस्तीनं गायरान नांगरलं म्हणून गावानं आमच्यावर बहिष्कार घातला. गिरणी बंद, दुकान बंद, काम बंद. आई ज्वारीची पाटी डोक्यावर घेऊन दळायला शेवगावला चालत जायची. हे झालं सोसणं. पण पुढं कापूस फुटला. वेचायला हात पाहिजेत, म्हणून गावाचं बोलावणं आलं. आईनं आणि कौसामावशीनं एकूण एक बाईला घरी बसवलं. गिरणी उघडल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. वर आभाळ भरून आलं, आणि गिरणी उघडली. बहिष्कार बायांनी मोडला. माझा सगळा पेपर हाच होता.

मी काय केलं? पेपराची घडी करून खिशात घातली. आईची पाटी सांगितली. तिच्या टाचांच्या भेगा सांगितल्या. रडलो. टाळ्याच टाळ्या. तेवढ्यात वेळ संपली. बाया राहूनच गेल्या. वर मी खूश! सरांनी खांद्यावर हात ठेवला, तर मला वाटलं, कायमची नोकरी लागलीच.

रविवारी सरांचा लेख आला. वस्तीतल्या बाया आमच्या ओट्यावर जमल्या. आई म्हणाली, "वाच."

वाचला. 'एक निरक्षर, हताश माता.' पुढं, 'अखेर गावाला सद्बुद्धी सुचली.'

"हताश म्हंजी?" आईनं विचारलं.

"हरलेली."

"म्या कवा हारले रं?"



कौसामावशी म्हणाली, "कसली सद्बुद्धी? कापूस भिजल म्हून बुद्धी आली त्यान्ला. आन आमी कुटं हाओत ह्यात?"

"न्हाई मावशी. तुमी न्हाई."

बाया पदर सावरत उठल्या. एकेक करून गेल्या. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी आई उठली. दारात थांबून म्हणाली, "आन तू तितं हुतास की."

मग ती आत गेली. त्या बहिष्काराचं नाव तिनं माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही. कौसामावशी पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिला मी काहीच दाखवू शकलो नाही.

त्यानंतर त्याच कॉलेजात दुसरा परिसंवाद झाला. पुन्हा तेच सर. "आता हे आपला हृदयस्पर्शी अनुभव सांगतील."

मी उठलो. माईक धरताना ग्लास पाडला, ते पाणी पाहुण्यांच्या धोतरावर. अशी माझी बंडखोरी.

म्हणालो, "सर, आज अनुभव तुम्ही सांगा. वरच्या जातीत जन्मून दर रविवारी आमच्याविषयी लिहिण्याचा. विश्लेषण मी करतो."

कुणी हसलं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. मी खिशातला तोच पेपर काढून वाचायला लागलो. निम्मं सभागृह चहाला निघून गेलं. संयोजकानं दोनदा चिठ्ठी सरकवली. मी थांबलो नाही. कौसामावशीचं नाव आलं. ते घेतलं, आणि पुन्हा एकदा घेतलं. पूर्ण नाव. नवऱ्याच्या नावासकट नाही, तिचं तिचं.

पुढं त्या कॉलेजानं मला बोलावलं नाही. कायम नोकरी तर नाहीच नाही.

नको. रडायचं असेल तेव्हा मी माझ्या घरी रडेन. त्यांच्या व्यासपीठावर मी मत मांडायला जाईन. ऐकायचं नसेल त्यांनी चहाला जावं.